भिंतीतली वायर

१२ मे २००९

उंदरांनी ट्रॅक्टरची सगळी वायरिंग खाल्ली! नॉर्बर्टने शेड उघडायला लावली, मी त्याची चाकाची खुर्ची आत ढकलली, बॉनेट उचललं — आत नुसत्या कुरतडलेल्या साली, लेंड्या, एक घरटं. त्याच्या वडिलांचा सहासष्ट सालचा बागेतला छोटा ट्रॅक्टर. लग्नाला अडतीस वर्षं झाली, माझ्यापेक्षा त्याचेच लाड जास्त झाले.

नवरा रडला. जानेवारीत झटका येऊन उजवी बाजू लुळी पडली तेव्हा रडला नव्हता.

मला बरं वाटलं. हे इथेच लिहू शकते.

१३ मे

म्हणतो, ऑगस्टच्या जुन्या ट्रॅक्टरांच्या मेळ्यात ट्रॅक्टर गेलाच पाहिजे. एकवीस वर्षं एकदाही चुकलेलं नाही. "हात तुझे, डोकं माझं. सगळी वायरिंग नव्याने करायची." आणि हसला, अर्ध्या तोंडाने.

१८ मे

रोज सकाळी शेडमध्ये. तो खुर्चीत, मी गुडघ्यांवर. हात गेला, जीभ शाबूत आहे! "लाल म्हणजे लाल, लव्हर्न! टोमॅटोचा रंग. टोमॅटो तरी ओळखतेस ना, शाळेच्या भटारखान्यात जन्म गेला तुझा!" तो दुधाच्या कारखान्यात चाळीस वर्षं इलेक्ट्रिशियन होता. ऊठसूट ते ऐकायचं.

आज मी कॉफी आणते म्हणून घरात गेले आणि तासभर परत आलेच नाही. त्याची खुर्ची शेडच्या दारात, उन्हात होती. खिडकीतून बघत होते. त्याने आधी हाका मारल्या, मग शिव्या, मग गप्प. परत गेले तेव्हा मान लाल झालेली. "विसरले," म्हटलं. त्याला कळलं. मला कळलं की त्याला कळलं.

२० मे

एक्याऐंशी साली मी तांत्रिक शाळेत विजेच्या कामाचा वर्ग लावला होता. तीन आठवडे गेले. मग याने बारमध्ये जाहीर केलं — "मेणबत्त्या घेऊन ठेवा रे, माझी बायको वीज शिकतेय!" रविवारी चर्चच्या दारात लोक मला मेणबत्त्या देऊ लागले. गंमत म्हणून. सात मिळाल्या.

चौथ्या आठवड्यात मी गेले नाही.

२२ मे

डेलमारच्या दुकानात गेले. नॉर्बर्टचा जुना दोस्त, सुटे भाग विकतो. काय छान समजावतो हा माणूस! "भिंत हलत नाही लव्हर्न, ट्रॅक्टर हलतो, एवढं लक्षात ठेव. भिंतीत घालतात त्या वायरीत एकच जाड तार असते, ती थरथरीने तुटते. तू ही घे, आत केसासारख्या तारांचा जुडगा आहे, वाकते, तुटत नाही. कव्हर तेल-पेट्रोल सोसणारं. बॅटरीपासून स्टार्टरपर्यंत बोटाएवढी जाड. चार्जिंगला दहा नंबर, दिव्यांना चौदा. नंबर जितका लहान तितकी वायर जाड. आणि फ्यूज! फ्यूज नसेल तर काहीच लावू नकोस."

मी विचारलं, पत्र्याच्या भोकातून वायर जाते तिथे? त्याने माझ्याकडे नीट बघितलं. "बरोब्बर! तिथे रबराची कडी. नाहीतर पत्रा कव्हर कापतो." बरोब्बर म्हणाला! गाडीत बसून मोठ्याने म्हणून बघितलं.

२३ मे

नॉर्बर्ट — "परत कर. तळघरात घराच्या वायरिंगची गुंडाळी पडलीय, चौदा नंबर. स्टार्टरची जाड ती राहू दे, बाकी सगळीकडे तीच घाल."

"अरे, ती भिंतीतली. एकच तार आहे आत, थरथरीने—"

"कुणी सांगितलं? डेलमारने? तो नट-बोल्ट विकतो! इलेक्ट्रिशियन कोण आहे इथे?"

"आणि फ्यूज?"

"माझ्या बापाला लागला नाही कधी फ्यूज."

मग बराच वेळ माझ्याकडे बघत बसला.

२४ मे

त्याचं डोकं गेलंय! झटक्याने डोकंही नेलंय आणि त्याला पत्ताच नाही! न्हाणीघरात नळ सोडून हसले.

२६ मे

ठरवलं. तो सांगेल तेच घालायचं. शब्दशः. मेळ्यात अख्ख्या गावासमोर त्यातून धूर निघू दे. कुणाचं डोकं ते सगळ्यांना ठाऊक आहेच.

वायर परत द्यायला गेले. डेलमार बघतच राहिला. "नॉर्बर्ट असं म्हणाला? आपला नॉर्बर्ट?"

"झटक्यानंतर तो असाच झालाय रे," म्हटलं. बिचाऱ्याचे डोळे भरले. ती वायर काउंटरवर ठेवणं मात्र जड गेलं. चांगली वायर होती.

९ जून

भोकातून वायर ओवली. तिथे रबर लागतं. तो बोलला नाही. मीही नाही.

१९ जून

सुरू झाला! पहिल्या झटक्यात! दोन्ही दिवे लागले. दोन मिनिटं — मग "बस, बंद कर" म्हणाला. आणि मग, माझ्याकडे न बघता, "मेळ्यात तूच चालव. वायरिंग तू केलीस. ट्रॅक्टरवरच्या पाटीवर तुझंच नाव लावू या."

अडतीस वर्षांत पहिल्यांदा.

स्वयंपाकघरात येऊन सिंकला धरून उभी राहिले. उद्या डेलमारकडे जाते. ती वायर आणते, दोन दिवसांत सगळं बदलते. याला कळणारही नाही.

२० जून

गाडीची किल्ली घ्यायला आत आले. हा फोनवर. "हो, तीच चालवणार आहे! या सगळे. आणि मेणबत्त्या आणा रे!" हसून हसून खोकला लागला त्याला.

किल्ली खुंटीला परत टांगली. वायर आहे तीच राहील. पण सीटवर मी बसणार नाही.

१५ ऑगस्ट

लिहिते. जसं झालं तसं.

ट्रॅक्टर रांगेत उभे होते. पाटीवर माझं नाव. कर्ण्यावरून माझं नाव पुकारलं, तशी मी मोठ्याने म्हणाले, "छे छे, नॉर्बर्टच चालवणार! एका हाताने जमतं त्याला!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. डेलमारने आणि आणखी दोघांनी त्याला उचलून सीटवर बसवलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "नको," म्हणाला, अगदी हळू. "लव्हर्न, नको."

मला वाटलं, लाज वाटतेय. वाटू दे!

उजवा हात लोंबत होता. मी माझ्या गळ्यातला रुमाल काढला आणि तो हात स्टिअरिंगला बांधला. पक्की गाठ मारली. पुन्हा टाळ्या. एक बाई तर डोळे पुसत होती.

अर्ध्या मैदानापर्यंत गेला. आधी दिवे गेले. मग धूर, पांढरा. मी मोजत होते — किती जण बघतायत. मग टाकीखाली ज्वाळा. धूर नाही, ज्वाळा! नॉर्बर्ट डाव्या हाताने गाठ ओढत होता. एका हाताने सुटणारी नव्हती ती. माझं नाव घेत होता.

माझे पाय हलले नाहीत. डेलमार धावला, चाकूने रुमाल कापला, त्याला खाली ओढलं.

उजवा पाय गुडघ्यापर्यंत भाजलाय. हातही.

१७ ऑगस्ट

भाजलेल्यांच्या वॉर्डात. चर्चच्या बायका घरी जेवणाची भांडी ठेवून जातायत. डेलमार आला, त्याच्या स्वतःच्या बोटांना पट्ट्या. म्हणाला, "तुला कुणी दोष देत नाही. वायर कुणी निवडली ते मी सगळ्यांना सांगितलंय."

रडले. खरं रडले. कशासाठी ते कळलं नाही.

१९ ऑगस्ट

बोलत नाही. छताकडे बघतो. पट्टी बदलताना ओरडतो. मी बाहेर जात नाही, ऐकते.

२३ ऑगस्ट

आज बोलला. "ट्रॅक्टरला भिंतीतली वायर लावत नाहीत. विसाव्या वर्षापासून ठाऊक आहे मला."

मी त्याची चादर सारखी केली.

"तू बसणार होतीस तिथे," म्हणाला.