मशीनचं सील शाबूत आहे

अळणावर, शेतावरून

तीर्थरूप अंबूताईस प्रभंजनचा नमस्कार (एका हातात पाना आहे, म्हणून दुसऱ्या हातानं). तुझा गुडघा काय म्हणतो? तिकडे हुबळीला केशवापुरात थंडी पडली असेल, पायमोजे घाल. फोन सोडून पत्र का, असं वाटेल तुला. पण तू फोन स्पीकरवर टाकून ऐकतेस आणि आपला धाकटा भाऊ सदाशिव दाजीबानपेठेतलं कापडाचं दुकान बंद करून रोज तुझ्याकडे चहाला बसलेला असतो. हे पत्र एकटीच वाच.

आपल्या मळणी मशीनला सदाशिवनं काहीतरी केलंय. पुरावा नाही; पण कोर्टात जप्तीच्या मालाला सीलं ठोकण्यात माझा जन्म गेला, माणसाचा चेहरा मला कळतो. दसऱ्याआधी इथे आला आणि म्हणाला, "अण्णा, हा खटारा विकून टाकू, भाड्यानं मोठं मशीन आणू." आपल्या अप्पांनी हौसेनं घेतलेलं मशीन, आणि खटारा! वर परत निघताना कुणी न सांगता त्याला वंगण घालून गेला. ज्यानं स्वतःच्या दुकानाच्या शटरला कधी तेलाचा थेंब दाखवला नाही, त्यानं! शिवाय आमच्या हिला, सुशीलाला, पूजेसाठी खणाचं कापड दिलं, फुकट. (कापडवाला फुकट देतो म्हणजे काय ते तूच समज.)

मी लगेच बंदोबस्त केला. खंडेनवमीला मशीनची पूजा झाली, तशी त्याच कापडानं त्याची जेवढी म्हणून भोकं दिसली तेवढी बांधली, वर लाख ओतून अंगठीचा ठसा मारला. पंख्याच्या दोन बाजूंना ताटाएवढी दोन गोल तोंडं आहेत, तीसुद्धा सोडली नाहीत. मळणीसाठी पेंढ्या टाकायचं, दाणे पडायचं आणि भुसा बाहेर फेकायचं अशी तोंडं तेवढी काल उघडली. बाकीची सीलं तशीच ठेवली. एक तर पुरावा, दुसरं म्हणजे पूजेत बांधलेलं कापड भात घरात आल्याशिवाय सोडायचं नाही, अशी सुशीलाची ताकीद.

आपल्या गड्यानं, विठ्ठलनं, ट्रॅक्टर जोडून मशीन चालू केलं. आवाज झकास! पण दाणे, भुसा, काडीकचरा सगळं एकत्रच बाहेर पडायला लागलं. पंखा गरगर फिरतोय आणि वारा म्हणून नाही. विठ्ठल आपला "गाळी बरवल्दु री" (वारा येईना हो) म्हणत डोकं खाजवतोय. मी पट्टा बदलला, नट आवळले, शेवटी सीलं तपासली. एकूण एक शाबूत! यावरून या माणसाची पोच बघ, ताई. सील न फोडता पंख्यातला वारा काढून नेला!

पण आता खरंच सांगतो, मला भीती वाटतेय. कापलेलं भात उघड्यावर पडलंय आणि दांडेलीच्या बाजूनं आभाळ भरून येतंय. भिजलं तर कोंब फुटतील. आपल्या तिन्ही घरांचं वर्षाचं अन्न आहे ते. काल मला जेवण गेलं नाही.

तुझा धाकटा (पण सदाशिवपेक्षा थोरला),
प्रभंजन

ता. क. : सदाशिवला इकडे पाठव. मी बोलावलंय म्हणू नकोस. तुलाच नव्या तांदळाची घाई झालीय म्हण.

दुसरा ता. क. : पत्र टाकायच्या आत तोच येऊन थडकला. (आभाळ बघून आलो म्हणे. हुबळीतून अळणावरचं आभाळ दिसतं होय?) मशीन राहिलं बाजूला, आधी आपल्या कापडाकडे गेला. "अण्णा, माझा खण पंख्याच्या नाकावर कशाला बांधलास?" म्हणाला आणि विळ्यानं टर्रकन फाडला. भुसा थेट विठ्ठलच्या तोंडावर! भात पोत्यांत भरून छपराखाली गेलं, मगच पाऊस आला. सदाशिव हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. दिवसभर पोती उचलून त्याची पाठ धरलीय, तुझं ते तेल त्याला लाव.

तिसरा ता. क. : दोष नेमका कुठे आहे हे त्याला एका नजरेत कसं कळलं, याचा मी विचार करतोय. तूही कर. तोवर मशीन विकायचं नाही. पुढच्या सुगीपर्यंत ते त्याच्याच दुकानामागे राहू दे, वंगण तोच घालेल, असं मी त्याला सांगितलंय. फक्त पाठवताना सील मी करून देणार. नाकं सोडून.