पेटी बंद करण्यापूर्वी

९ नोव्हेंबर, सोमवार

धाकट्या,

तुला जाऊन आज एकवीस दिवस झाले. सकाळी तुझी कामाची खोली उघडली, भुसा झाडला आणि टेबलावरचं अर्धवट व्हायोलिन पुसलं.

पूर्वी तू व्हायोलिनची वरची फळी चिकटवण्याआधी त्या पोकळ पेटीशी तोंड नेऊन हळूच प्रार्थना म्हणायचास. मी हसले की म्हणायचास, "ताई, लाकूड मी तासतो, सूर तो घालतो." माझी मुलगी गेली त्या आठवड्यात मी तुला विचारलं, "लाकडात सूर घालतो ना तो? मग माझ्या पोरीत श्वास का नाही घातला?" त्यानंतर तुझी प्रार्थना बंद झाली.

पुढची तीन व्हायोलिनं तू मुकाट्याने केलीस. गिऱ्हाइकं खूश झाली. मी म्हटलं, "बघ, काही अडलं का?" तू म्हणालास, "नाही ना गं. प्रार्थनेशिवायही तितकीच छान वाजतात. तेच तर." आणि चौथं अर्ध्यावर टाकलंस, ते कायमचंच.

लोकांना मी सांगते, त्याचे हात दुखायचे.

आज मी ती फळी चिकटवायला घेतली. सरस गरम केला, पेटीवर वाकले. पण तू काय म्हणायचास ते मला आठवेना. मी ते कधी नीट ऐकलंच नव्हतं. पेटी तशीच उघडी ठेवून घरी आले.

भात टाकला, आणि तो होईपर्यंत उशांचे अभ्रे बदलले.

ताई