सुतकात डॉमिनो

शनिवार. जर्सी सिटी.

आई गेली. नाशिकला सगळं उरकलंसुद्धा, मी व्हिडिओ कॉलवर पाहिलं. रडू आलं नाही. मग भांडी घासली.

संध्याकाळी शेजारच्या सुमनकाकू आल्या. त्या मॉरिशसच्या, पणजोबा कोकणातून तिकडे उसाच्या मळ्यावर गेलेले. वाटलं, पिठलंभात आणला असेल. पिशवीतून डॉमिनोची पेटी काढली, ठिपक्यांच्या सोंगट्यांचा खेळ!

"आमच्याकडे मयताच्या घरी लोक खेळत बसतात," त्या त्यांच्या अडखळत्या मराठीत म्हणाल्या. "घर एकटं ठेवायचं नाही."

राग आला का मला? यायला हवा होता. सुतकात खेळ! आईने पेटीच माळ्यावर टाकली असती. पण नको म्हणायचंही त्राण नव्हतं. नवऱ्याने, अमितने, कॉफी केली, मग तोही बसला.

टक, टक. काकू सोंगट्या टेबलावर आपटत खेळतात. आई कशाने गेली, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. दिवसभर मी तेच सांगत होते फोनवर, प्रत्येकाला, ऑफिसचं अपडेट दिल्यासारखं. इथे नुसतं टक, टक. बरं वाटलं असं नाही. काहीच वाटलं नाही.

तिसरा डाव मी जिंकले. आणि हात आपोआप फोनकडे गेला. तिकडे पहाट, आई उठली असेल, सांगावं. आईचा नंबर लावलासुद्धा.

पहिल्याच रिंगला बाबांनी उचलला.

"कोण आहे तुमच्याजवळ?" मी विचारलं.

"कोणी नाही. झोपलेत सगळे."

फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. काकूंनी सोंगट्या पुन्हा पिसल्या.

टक, टक. बाबांनी फोन ठेवला नाही.