लेबल काढलेली बाटली

६ फेब्रुवारी

४१७ नंबरच्या नमुन्याची नळी आज गढूळ झाली. पाचवाच दिवस! चौदा दिवस स्वच्छ राहायला हवी होती. डोळ्यांत घालायचे थेंब, आणि त्यात जंतू वाढतायत. उजेडाकडे धरली तर हिरवट झाक. आधी वाटलं, माझ्याच हातून काही मिसळलं असेल. पण शेजारच्या नळ्या निवळशंख आहेत.

औषध कोणतं ते कागदावर असतं, नाहीतर तपासणार काय? कंपनी कोणती ते नसतं. नमुना आमच्या टेबलावर येतो तो लेबल सोलून, वर नुसता आकडा. आकड्यामागे कोण ते एका वहीत, वही कपाटात, किल्ली कुलूपकाकांकडे. आंधळं दळतं म्हणतात — आमच्या सरकारी औषध खात्याच्या प्रयोगशाळेत आंधळ्यानेच दळायचं असा नियम आहे.

काचबिंदूचं औषध आहे. बाबा रोज संध्याकाळी हेच घालतात. डावा डोळा काचबिंदूने केव्हाच नेला. उजवा तेवढा उरलाय.

७ फेब्रुवारी

कुलूपकाकांकडे गेले. म्हटलं, कंपनीचं नाव तेवढं सांगा, घरात हेच औषध आहे. चष्म्यावरून बघत राहिले. "ताई, तुम्ही विचारलंत ते मी विसरलो. तुम्हीही विसरा." वर चहा पाजला.

त्यांच्यावर रागावताही येत नाही. पूर्वी एकजण निकाल लागला की आधी कंपनीला फोन करायचा, म्हणून हा नियम आला. नियम चांगला आहे. त्याचाच तर राग येतो.

८ फेब्रुवारी

घरची निळ्या खोक्यातली बाटली उचलून कामावर न्यावी आणि तपासावी, असं सकाळी मनात आलं. पण ती उघडलेली. जंतू सापडले तरी ते औषधातले की बाबांच्या पापणीचे, कोण सांगणार? आणि औषध बंद ठेवावं तर डोळ्यातला दाब वाढतो.

शेवटी दुकानदाराला म्हटलं, हेच औषध, पण दुसऱ्या कंपनीचं द्या. त्याने नारिंगी खोकं दिलं.

बाबा कुरकुरले. "चार वर्षं माझं नि निळ्याचं बरं चाललं होतं. मध्येच काय काडीमोड?" डॉक्टरांनी बदललंय म्हटलं. साफ खोटं. खरं सांगायची परवानगी नाही, बापालासुद्धा.

९ फेब्रुवारी

नव्या बाटलीतला थेंब मी स्वतः घातला. जीव भांड्यात पडला.

१५ फेब्रुवारी

फेरतपासणीतही तेच. नळी पुन्हा हिरवट.

१८ फेब्रुवारी

अहवालावर सही झाली. मी साहेबांना विचारलं, आता? आता निरीक्षक कारखान्यात जाणार, मग कंपनीला नोटीस, मग उत्तराची मुदत.

"आणि तोवर दुकानांत?"

"तोवर दुकानांत," साहेब म्हणाले. फाइल बांधता बांधता पुढे म्हणाले, "मागे एकदा घाई केली होती. कोर्टात तोंडावर आपटलो. ते औषध पुढे दोन वर्षं उजळ माथ्याने विकलं गेलं. कागद पक्का हवा, बाई."

माणूस वाईट नाही. इथे कोणीच वाईट नाही, हीच तर पंचाईत.

२१ फेब्रुवारी

दादाचा फोन. बाबांनी औषध बदलल्याचं सांगितलं होतं त्याला. माझा आवाज ऐकून काहीतरी ओळखलंन. म्हटलं, मला काही सांगता-करता येत नाही. "त्या खात्यात बसून तुलाच काही करता येत नाही, तर आम्ही कोणाच्या तोंडाकडे बघायचं?" वहिनीची चौकशी करून फोन ठेवला.

२४ फेब्रुवारी

बाबा म्हणतात, नवं औषध चुरचुरतं. डोळा किंचित लाल आहे. म्हटलं, सुरुवातीला चुरचुरणारच, घालत राहा.

२६ फेब्रुवारी

बुबुळावर पांढरा ठिपका. डोळा उघडवत नाही. बाबांना दवाखान्यात ठेवून घेतलंय.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, औषध कोणी बदललं? मी. का बदललं? मी बाबांची उशी सारखी करत राहिले. त्यांनी नारिंगी खोक्यातली बाटली मागून घेतली आणि तपासायला पाठवली.

म्हणजे ४१७ हीच होती का? चांगली टाकून वाईट घरात आणली? दिवसभर दुसरं काही सुचलं नाही. बाकावर बसून रडले. शेजारच्या बाईने पाणी दिलं आणि "होईल बरं" म्हणाली. तिला काय सांगू.

१ मार्च

त्या बाटलीत जंतू निघाले. तेच, हिरवट.

५ मार्च

उजवा डोळा: उजेड कळतो, समोर धरलेली बोटं मोजता येत नाहीत. आणखी सुधारेल असं डॉक्टरीणबाई म्हणत नाहीत.

बाबा मला एका शब्दाने बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "खोलीत आलीस की काहीतरी बोलत जा. गप्प बसलीस तर आहेस की नाहीस कळत नाही."

म्हणून आज तासभर वर्तमानपत्र वाचून दाखवलं. जाहिरातींसकट.

१४ मार्च

आदेश निघाला. एका कारखान्यात बनलेले सगळे डोळ्यांचे थेंब परत मागवलेत. तिथला माल सात वेगवेगळ्या नावांनी विकला जायचा. यादीत तिसरं नाव निळ्या खोक्याचं, सहावं नारिंगी.

घरी येऊन दोन्ही खोकी शेजारी शेजारी ठेवली. तळाशी, बारीक अक्षरांत, दोन्हींवर एकच पत्ता. दुकानात एवढं वाचलं असतं तर दुसऱ्या कारखान्याचं मागितलं असतं. अठरा वर्षांच्या नोकरीत मी एकही लेबल वाचलेलं नाही.