चाळीस दिवसांची बादली

सावेडी, अहिल्यानगर
दि. १९ मे २०२५

तीर्थरूप राहीआत्या हिस,
अजिनाथचा शि. सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मला जे सांगायचं आहे ते ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहितो. बजरंग रोज पहाटे राहुरीहून भाजीचा टेम्पो घेऊन येतो आणि दुपारी परततो. त्याच्या हाती दिलेलं पत्र पोस्टाच्या आधी पोहोचतं.

राधाकृष्ण सरांचं हृदयाचं ऑपरेशन पुण्यात नीट झालं. ते मुलाकडे आहेत, जूनच्या पहिल्या आठवड्यात परततील. भीमाबाई काकूंचे दोन्ही गुडघे नुकतेच बदललेले, म्हणून त्यांना सरांबरोबर जाता आलं नाही; घरात त्या आणि मीच. दिवाणखान्यातली खाऱ्या पाण्याची टाकी तोवर माझ्या ताब्यात आहे. तू ती पाहिलेली नाहीस. आत एका दगडावर प्रवाळाची वसाहत आहे, सर तिला बटणं म्हणतात. शर्टाच्या बटणाएवढी हिरवी-केशरी तोंडं, प्रत्येकाभोवती बारीक झालर. वरचा दिवा लागला की सगळी उघडतात. अकरा वर्षांपूर्वी सात बटणं आणली होती. मी शनिवारी मोजली, दोनशे बारा भरली.

त्यांतल्या चौदांवर पांढरे फोड आले आहेत, मोहरीच्या दाण्याएवढे. फोड आलेलं बटण मिटतं, परत उघडत नाही आणि चार-पाच दिवसांत विरघळून जातं. फोड एका कडेने आत सरकत आहेत.

आत्या, चूक माझी आहे. सरांचा नियम असा, की बाहेरून आलेला कोणताही प्रवाळ आधी चाळीस दिवस वेगळ्या बादलीत ठेवायचा. त्या बादलीचा पंप वेगळा, ब्रश वेगळा, तिच्यातला एक थेंब टाकीत पडता कामा नये. सरांनी मागवलेला एक नवा दगड २९ एप्रिलला पुण्याहून आला. सर तेव्हा तपासण्यांसाठी तिकडे गेलेले होते. दुसऱ्या दिवशी अक्षय्य तृतीया होती. काकू म्हणाल्या, आज जागेवर ठेवलेली वस्तू कधी सरत नाही, बादलीत काय कोंडून ठेवतोस. मी नियम सांगितला. त्या म्हणाल्या, नियम माणसाचा आहे, तिथी देवाची आहे, आणि तिकडे त्यांची छाती उघडणार आहेत. त्यांनी ताटात निरांजन लावून आणलं होतं. मी दगड टाकीत ठेवला. त्याच दगडाशेजारच्या बटणांना पहिले फोड आले.

सरांना हे ठाऊक नाही. काकूंनी बजावलं आहे, की इतक्यात त्यांच्या जिवाला घोर लावायचा नाही. तिकडे शेवगावहून आबांचा निरोप आला आहे, की मासं राखून कुनाचं प्वाट भरलंय, मुकादम ऊसतोडीच्या टोळीची नावं लिवून घेतोय, तुजं लिवू का. टाकी गेली तर या घरात राहायला मला तोंड उरणार नाही, मग आबा म्हणतील तिकडे कोयता घेऊन जावंच लागेल. तू अठ्ठावीस वर्षं कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेत कलमं बांधलीस. पसरणारा रोग तुम्ही कसा अडवत होतात ते सविस्तर लिही. बजरंग उद्या-परवा विचारेल.

तुझ्या भरवशावर असलेला,
अजिनाथ

*

राहुरी
२१ मे

चि. अजिनाथ यास राहीआत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकही ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं नाही, त्यावरून तू किती घाबरलायस ते कळलं. निवांत असलास की तू चुकतोस. आईबाप तोडीला गेले की तू माझ्याकडं असायचास, तेव्हाही असंच. मास्तर येणार म्हटलं की अक्षर मोत्यासारखं.

मला प्रवाळ कळत नाही. दगडाला बटणं लागतात हे मी शेजारच्या राजनंदिनीला सांगितलं तर ती म्हणाली, आजी, ऊन लागलं का तुम्हाला. पण रोग कळतो. रोज आधी निरोगी झाडांचं काम उरकायचं, आजाऱ्याचं सगळ्यात शेवटी. आजाऱ्याला हात लावला की त्या दिवशी निरोग्याकडं परत जायचं नाही. पातं दर कापाला धुवायचं. रोगट भाग काढताना बरोबर त्याच्या कडेवर कापू नये, दोन बोटं चांगल्यातलं घेऊन कापावं. जीव तुटतो, पण तिथं माया करायची नाही.

आणि जो दगड रोग घेऊन आला तो आधी बाहेर काढ. आम्ही रोपांची माती वाफवून घेत होतो. तू तो दगड मोठ्या पातेल्यात घालून खळखळ उकळून काढ, दुधाच्या किटल्या उकळतो तसा. त्यात काही जगणार नाही.

सरांना मात्र कळव. आमच्याकडं डाळिंबाच्या एका मातृवृक्षावर मला तेलकट डाग दिसला होता. साहेब रजेवर होते. आल्यावर सांगू म्हणून मी आठ दिवस बोलले नाही. तेवढ्यात त्या झाडाची कलमं पारनेरला गेली. साहेबांनी माझा चाकू काढून घेतला. सहा महिने मी नुसतं पाणी घालत होते. हे मी तुझ्या बापालाही सांगितलेलं नाही.

पोटभर जेवत जा.
तुझी,
राहीआत्या

*

सावेडी, अहिल्यानगर
दि. २३ मे २०२५

तीर्थरूप आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी टाकीच्या कपाटाला आतून चिकटवलं आहे. तू लिहिलंस त्याच क्रमाने काम करतो.

काल फोड आलेली बटणं एकतीस झाली होती. मी वसाहतीचे दोन भाग केले. फोडांपासून दोन बोटं आत पातं घातलं, त्यात चांगली अठरा बटणं रोगट बाजूला गेली. रोगट भाग वेगळ्या बादलीत ठेवला आहे. शोभेच्या माशांच्या दुकानातून पिवळं औषध आणलं, टाकीच्याच पाण्यात कालवून रोज वीस मिनिटं त्यात बुडवायचं, मग दुसऱ्या स्वच्छ खाऱ्या पाण्यात खळबळून परत बादलीत. असं तीन दिवस. हातमोजे आणि चष्मा घालतो. सरांच्या वहीत पहिल्याच पानावर तसं लिहिलं आहे. का ते लिहिलेलं नाही.

पाणी अठ्ठावीस अंशांवर जात आहे. दुपारी वीज गेली की मी बर्फाच्या बाटल्या सोडतो. या गडबडीत माझा फोन खाऱ्या पाण्यात पडला. दुकानदार म्हणाला, गोड्या पाण्यात पडला असता तर बोललो असतो. तेव्हा फोनवर मी सापडणार नाही.

नवा दगड टाकीतून काढून झाकून ठेवला आहे. त्याच्यावर अजून साठेक बटणं आहेत, निम्मी सडलेली. परवा रविवारी सकाळी नऊला काकू पोथी घेऊन बसतील, तेव्हा तुझ्या सांगण्याप्रमाणे स्वयंपाकघरात उकळून टाकतो. पितळी पातेलं हेरून ठेवलं आहे. तो एकदा संपला की मग सरांना कळवीन. आधी कळवलं तर सांगायला नुसती चूकच असेल, थोडं सावरल्यावर सांगितलेलं बरं.

काही राहिलं असेल तर लिही.
तुझा,
अजिनाथ

*

राहुरी
२४ मे, संध्याकाळ

अजिनाथ,

दगड उकळू नकोस. पाणी ठेवलं असलंस तर गॅस बंद कर, खिडक्या उघड, काकूंना घेऊन बाहेर ये.

दुपारी तुझं पत्र आलं. चष्म्याचं वाचून माझ्या मनात पाल चुकचुकली. झाडाला हात लावायला चष्मा आम्हीही घालायचो, पण फवारणीच्या दिवशी, विष असलं म्हणजे. राजनंदिनीला म्हटलं, तुझ्या मोबाईलवर बघ गं. तिनं बघितलं आणि ती खुर्चीवरून उठलीच. तुझ्या त्या बटणांच्या अंगात विष असतं. पाण्यात असतं तोवर पाण्यात असतं, दगड उकळला की वाफेबरोबर घरभर होतं. घरंच्या घरं दवाखान्यात गेली आहेत आणि त्यावर उतारा नाही.

तुझा फोन बंद. काकूंचा नंबर माझ्याकडं नाही. राजनंदिनीनं सरांच्या नावानं शोधलं, तोही सापडला नाही. बजरंगला पहाटे चारलाच निघायला सांगितलंय. तो म्हणाला, आत्या, भाजी नंतर उतरवीन, आधी तुमचा कागद देतो. चहालासुद्धा कुठं थांबू नको म्हणून शपथ घातलीय.

नऊच्या आधी तुझ्या हातात पडू दे.

राहीआत्या

*

सावेडी, अहिल्यानगर
दि. २५ मे २०२५, दुपार

तीर्थरूप आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मी बरा आहे, काकू बऱ्या आहेत. हे आधी लिहितो.

बजरंग पावणेदहाला पोहोचला. विळद घाटात ऊस-वाहतुकीची एक रिकामी ट्रॉली आडवी झाली होती. वाट मोकळी होईल म्हणून तो चार तास अडकून पडला, शेवटी टेम्पो तिथेच सोडून, मागून येणाऱ्या एकाच्या मोटारसायकलवर बसून आला. दारात उभा राहून मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, हायेस का. मग पायरीवर बसला.

पत्र उशिरा आलं, तरी दगड उकळला गेला नाही. त्याचं श्रेय मला नाही. नऊला मी पातेल्यात पाणी ठेवलं, त्याला उकळी फुटत होती. दगडाची बादली ओट्याशी आणून ठेवली होती. काकू पोथी सोडून काठी टेकत आत आल्या. त्यांनी विचारलं, की माझ्या पुरणाच्या पातेल्यात काय शिजतंय. मी म्हटलं, रोगट प्रवाळ मारायचा आहे. त्या म्हणाल्या, मारायचा म्हणजे काय, फुलं ती, फेकून दे. मी गप्प राहिलो असतो तर त्या परत गेल्या असत्या. पण चुकीचं ऐकलं की माझ्याने राहवत नाही. मी सांगितलं, की ती फुलं नाहीत, प्राणी आहेत, त्यांना तोंड असतं, पोट असतं, ती खातात.

काकूंच्या गळ्यात चाळीस वर्षांची तुळशीची माळ आहे. त्या म्हणाल्या, माझ्या पितळेत जिवंत जीव उकळणार होतास, आणि मी पोथी वाचत बसले असते. त्यांनी स्वतः गॅस बंद केला, ते पाणी मोरीत ओतलं, आणि आपला फोन माझ्यापुढे धरला. म्हणाल्या, आता विचार त्यांनाच, मला नाही झेपत हे.

मी सरांना सगळं सांगितलं. अक्षय्य तृतीया, फोड, कापणी, पातेलं. पातेल्यापाशी त्यांनी मला मध्येच थांबवलं. मग म्हणाले, दगड आत्ता कुठे आहे. ओट्याखाली म्हटल्यावर म्हणाले, तसाच गच्चीवर ने, गार पाण्यात ब्लीच घाल, झाकण लाव, दोन दिवस कोणी वर जायचं नाही. विषाचंही त्यांनीच सांगितलं. वहीत कारण लिहिलं नाही ही आपली चूक, असं म्हणाले. पुढे म्हणाले, प्रवाळ जातात, परत येतात. पण पंचवीस दिवस तू मला अंधारात ठेवलंस. त्याचं मी आल्यावर बघतो.

एवढंच म्हणाले, आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं वाटलं असतं.

तू स्वतःला दोष देऊ नकोस.
तुझा,
अजिनाथ

*

राहुरी
२७ मे

चि. अजिनाथ यास आशीर्वाद.

दोष देऊ नको असं तू लिहिलंस, पण दोन दिवस घास उतरला नाही. सहावीपर्यंत ज्याला स्वतः जेवू घातलं त्याला मीच विष कालवून दिलं असतं, आणि तेही आपल्याला कळतंय या तोऱ्यात. मातीचं मला ठाऊक होतं. समुद्राचं ठाऊक नाही, हे लिहायला मला काय झालं होतं.

आता औषधपाण्याचं मला विचारू नकोस, सरांनाच विचार. सरांनी जा म्हटलं तर सरळ माझ्याकडं ये, शेवगावला बापाकडं आधी जाऊ नकोस. आल्यावर बघू. तुझ्या काकूंना माझा नमस्कार सांग, आणि त्यांचं पातेलं चिंचेनं लख्ख घासून दे.

खुशाली कळवत राहा, दोन ओळी असल्या तरी चालतील.
राहीआत्या

*

सावेडी, अहिल्यानगर
दि. १० जून २०२५

तीर्थरूप आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

बारा दिवसांत नवा फोड आलेला नाही. दोनशे बारांतली एकशे तेहेतीस बटणं उरली आहेत. सरांनी चांगला भागही टाकीबाहेर काढायला लावला, म्हणून ती सगळी अजून बादल्यांतच आहेत. सरांनी फोनवर सांगितलं तसं टाकीचं पाणी तीनदा थोडं थोडं बदललं, गाळणीतला कोळसा बदलला, ब्रश फेकून नवे घेतले.

सर शनिवारी आले. छातीशी उशी धरून चालतात. आल्या आल्या टाकीसमोर खुर्ची मागवली आणि अर्धा तास बसले. रिकाम्या दगडावर त्यांची नजर जाई तेव्हा मी दुसरीकडे बघत होतो. मला काही बोलले नाहीत. रविवारी नाही, सोमवारीही नाही. मी कपडे पिशवीत भरून ठेवले होते.

येताना पुण्याच्या दुकानदाराने त्यांना एक नवा दगड भेट दिला होता. निळी बटणं, फार देखणी. शनिवारीच मी तो वेगळ्या बादलीत घातला आणि वर तारखेची चिठ्ठी लावली.

आज वटपौर्णिमा. काकूंना वडापर्यंत जाता येत नाही, म्हणून घरीच पूजा मांडली. पूजा झाल्यावर ताट घेऊन त्या टाकीशी आल्या. सर खुर्चीतच होते. काकू मला म्हणाल्या, मरणाच्या दारातून माणूस घरी आलंय, त्यांच्या हातून आलेला दगड आज जागेवर बसू दे, आजचा दिवस माझ्यासाठी काय आहे ते तुला सांगायला नको. मी सरांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत होते. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. मला कळलं, की ते काही म्हणणारच नाहीत.

मी काकूंना म्हटलं, नाही. सतरा जुलैला. त्या म्हणाल्या, सतरा जुलैला कुठली तिथी आहे. मी म्हटलं, कुठलीच नाही, चाळीस दिवस भरतात. त्या म्हणाल्या, लई शहाणा झालास, यांच्या आयुष्याहून तुझी बादली मोठी का. गुडघ्यांवर त्यांना फार वेळ उभं राहवत नाही. तरी मी बादलीच्या आणि त्यांच्या मधून हललो नाही. शेवटी त्यांनी ताट सरांवरूनच ओवाळलं आणि आत गेल्या.

सरांनी मग विचारलं, बादलीचं पाणी किती अंशांवर आहे. मी सत्तावीस सांगितलं. म्हणाले, पंचवीसवर आण, आणि संध्याकाळी वही घेऊन बस, हातमोज्यांच्या पानावर कारण लिहायचं आहे, तुझं अक्षर बरं आहे.

आबांना निरोप दे, की यंदा टोळीत माझं नाव लिहू नका.

काकूंनी दुपारचा चहा दिला. रोज हातात देतात, आज टेबलावर ठेवून गेल्या. मी तो गरम आहे तोवर प्यालो आणि बादलीत बर्फाची बाटली सोडली. आज तिसरा दिवस आहे.

तुझ्या उत्तराची वाट पाहणारा,
अजिनाथ