कलपवाले, दोन चहा

पोलादपूर,
ता. ३ मे १९७९

तीर्थरूप सौ. ताईस,
चारूचा शि. सा. न. वि. वि.

मी जिवंत आहे, पाय दुखतात, आवाज शाबूत आहे. आई महाडभर सांगत फिरते आहे म्हणे, की चारू जानकीआत्याकडे शेवया आणि चार चांगल्या रीती शिकायला गेली आहे. शेवया मी इथे अजून पाहिलेल्या नाहीत.

आत्याच्या हॉटेलातली दोन्ही पोरं लग्नसराईला म्हणून गावी गेली ती गेलीच. इकडे मुंबईहून कोकणात जाणाऱ्या खाजगी गाड्या कशेडी घाट चढण्याआधी आमच्या दारात थांबतात, आणि गाडीभर माणसं एकदम भुकेलेली उतरतात. आत्याचे गुडघे धरलेत, त्यामुळे ती गल्ल्यावरून हलत नाही. तेव्हा भट्टीवर कुशाबा आणि वाढायला मी.

बिल कागदावर लिहायची इथे पद्धत नाही. गिऱ्हाईक उठलं की त्याच्या पाठीमागून गल्ल्याकडे पुकारायचं, काळी टोपी, एक मिसळ, एक चहा. आत्या टोपी बघून पैसे घेते. नावगाव कोणाला ठाऊक असणार? म्हणून जे दिसेल ते पुकारायचं. माझ्या ज्या आवाजामुळे मागच्या वर्षी पाहुणे कांदेपोहे अर्धे टाकून उठले, त्या आवाजाचं इथे कौतुक होतं.

गिऱ्हाइकं मात्र एकेक नमुने आहेत. कोणी शुक् शुक् करतं, कोणी चुटकी वाजवतं. एकाने वडा बोटाने दाबून, हा कालचा का, असं दरडावून विचारलं आणि मी उत्तर देईपर्यंत खाऊन टाकला. उलट बोलायचं नाही ही आत्याची अट आहे. पाऊस लागेपर्यंत मी एकाही गिऱ्हाइकाशी भांडले नाही, तर गल्ला ती माझ्या हाती देणार आहे. भांडले तर महाडला परत, आणि आईने दासगावचं स्थळ बघून ठेवलेलंच आहे. ताई, मला तो गल्ला हवा आहे. इतकं मनापासून मला आजवर काही हवंसं वाटलं नव्हतं.

भांडत नाही हं मी. फक्त पुकारताना जरा गंमत करते. चुटकीवाल्याला काल ‘वाजणारी बोटं, दोन भजी’ असं पुकारलं. बिचारा हात खिशात घालून गेला.

भावोजींना नमस्कार. पत्र आईला दाखवू नकोस, आणि माझ्यावरची माया उन्हाने आटू देऊ नकोस.

तुझी,
चारू

महाड,
ता. ७ मे १९७९

चि. चारूस,
ताईचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र मी तांदूळ निवडता निवडता वाचलं. वाजणाऱ्या बोटांपाशी हसू दाबताना असा ठसका लागला, की सासूबाई पाणी घेऊन धावत आल्या. घशात कोंडा गेला, असं सांगून वेळ मारून नेली.

पण चारू, मला काळजी वाटते. आपण लहानपणी सुट्टीत तिकडे जायचो तेव्हा आत्याचे यजमान पुकारायचे, आठवतं का? त्यांचा एक नेम होता. माणसाने वरून जे घातलंय तेवढंच पुकारायचं. टोपी, शाल, छत्री. देवाने जे दिलंय त्याचं नाव काढायचं नाही. नाक, टक्कल, तिरळा डोळा कितीही डोळ्यांत भरो, तोंड मिटून ठेवायचं. तू बोटांवर गेली आहेस, उद्या नाकावर जाशील. तुझं तोंड मला ठाऊक आहे, पाळण्यापासून ऐकते आहे.

आईला मी सांगितलं की चारूच्या शेवया आता केसासारख्या बारीक निघतात. माझ्या या खोटेपणाची लाज राख.

हे तुझ्या भल्यासाठी लिहिलं आहे, तेव्हा रागावून पत्र थांबवायचं नाही.

तुझी,
ताई

पोलादपूर,
ता. १४ मे १९७९

तीर्थरूप सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं आणि तरीही बुडाले.

परवा दुपारी एक शेठ उतरले. पांढरी सफारी आणि काळेभोर केस. बसल्या बसल्या त्यांनी टेबलावर थापा मारल्या, शेजारच्या कापडे गावाहून आलेल्या ताज्या दुधाचा चहा तीनदा परत पाठवला आणि कुशाबाला सगळ्यांदेखत गाढव म्हटलं. मी जीभ दातांखाली धरली. खरंच धरली, अजून दुखते आहे. पण उन्हाचा असा कडाका, की त्यांच्या कानामागून काळा ओघळ निघाला आणि हळूहळू कॉलरवर उतरला. मी मान वळवली आणि चटण्या वाटत राहिले.

ते उठले तेव्हा मी अगदी सरळपणे ‘पांढरी सफारी, दोन चहा’ असं पुकारलं. तर गल्ल्यापाशी तीन पांढऱ्या सफाऱ्या उभ्या होत्या. आत्याने विचारलं, यातली कोणती. शेठ ओरडले, की काय मूर्ख पोरगी आहे, साधं माणूस ओळखता येत नाही. ताई, मला तुझा नेम आठवला. वरून घातलेलं तेवढंच पुकारायचं. आणि कलप तर माणूस वरूनच लावतो, देव काही देत नाही. म्हणून मी मोकळ्या मनाने पुकारलं, ‘कलपवाले, दोन चहा!’

एक म्हातारी फिसकन हसली आणि सगळं हॉटेल हसायला लागलं. कुशाबा तर भट्टीमागे खालीच बसला. शेठ पैसे टाकून तरातरा निघून गेले. आत्या एवढंच म्हणाली, की ज्यांच्या गाड्या आपल्या दारात थांबतात ते मालक हेच.

कालपासून त्यांच्या गाड्या पुढच्या हॉटेलापाशी थांबतात. आमच्या परातीत वडे गार होतात. आत्या रागावली असती तर बरं झालं असतं, पण ती फक्त बाहेर रस्त्याकडे बघत बसते. महिना संपला की मला परत यायला सांगितलं आहे. तिचं आयुष्यभराचं हॉटेल मी एका आरोळीत घालवलं. मला रडू आवरत नाही.

असल्या बहिणीवरही लोभ करता येत असेल तर कर.

चारू

महाड,
ता. १८ मे १९७९

चि. चारूस,
डोळे पुसून वाच. अनेक आशीर्वाद.

तुझी चूक झाली. ते कितीही उद्धट असले, तरी जे माणूस झाकू बघतं ते चारचौघांत उघडं करायचं नसतं. भेटले तर एकदा माफी माग, गल्ल्यासाठी नव्हे, तुझ्या मनासाठी. बाकी माझ्याच नेमाचा तू लावलेला अर्थ वाचून मला कपाळावर हात मारावा की तुला जवळ घ्यावं, ते कळेना.

आता गंमत ऐक. पत्र वाचताना सासूबाईंनी मला पकडलं आणि सगळं वाचायला लावलं. कलपापाशी मी अडखळले, कारण मामंजीही गेली कित्येक वर्षं कलप लावतात आणि या घरात त्यावर कोणी शब्द काढत नाही. सासूबाईंनी पदर तोंडात कोंबला, मग तो पडला आणि आम्ही दोघी मोठमोठ्याने हसलो. लग्न झाल्यापासून या घरात माझा आवाज माजघराबाहेर गेला नव्हता. तो त्या दिवशी ओसरीपर्यंत गेला. मामंजी बाहेरून विचारत होते, काय झालं म्हणून.

आणि काल बाजारात आईच मला सांगत होती, की पोलादपूरच्या कोणा वांड मुलीने एका शेठजींची भर हॉटेलात फजिती केली. कोणाची गं ती कार्टी, असं म्हणून आई पोट धरून हसत होती. मी वांगी बघत राहिले.

धीर सोडू नकोस. तू परत आलीस तरी माझीच आहेस.

ताई

पोलादपूर,
ता. ३० मे १९७९

तीर्थरूप सौ. ताईस,
उड्या मारीत शि. सा. न. वि. वि.

गाड्या परत आल्या. आधी आला धोंडू डायवर, तोही मालकांना न विचारता. म्हणाला, की पब्लिक ऐकत नाय, ती वरडणारी पोरगी खंय हाय म्हणून गाडी डोक्यावर घेतात, पुढं नेली तर शिट्ट्या मारतात. गोष्ट मुंबईपर्यंत गेली आहे. एका नवऱ्या मुलाने तर मुद्दाम फेटा बांधूनच मिसळ खाल्ली. बायका वेण्या माळून उतरतात आणि पुकारेपर्यंत गल्ल्यापासून हलत नाहीत. मुख्य म्हणजे चुटक्या बंद झाल्या. आपल्याला काय पुकारतील या भीतीने मोठमोठी माणसं मला अहो म्हणतात.

काल शेठ स्वतः आले, धोंडूला पकडायला. सोबत त्यांच्या बाई. शेठचे केस आता अर्धे पांढरे. मी पाणी ठेवलं आणि तिथेच सांगितलं, की माझं चुकलं, तसं बोलायला नको होतं. शेठ भिंतीकडे बघत राहिले. बाई म्हणाल्या, की त्या कलपाने ह्यांचं डोकं वर्षानुवर्षं खाजतंय, घरात सांगायची कोणाची छाती नव्हती. शेठनी त्यावर चहा गार आहे म्हणून परत पाठवला. एकदाच.

ते उठले. सगळं हॉटेल माझ्याकडे बघायला लागलं. मी खाली मान घालून ‘निळा बुशशर्ट, दोन चहा’ एवढंच पुकारलं. शेठ अर्ध्या वाटेत थांबले, कोपऱ्यातल्या दुसऱ्या निळ्या बुशशर्टाकडे बोट केलं, आणि माझ्यापेक्षा मोठ्याने गल्ल्याकडे ओरडले, ‘कलपवाले, दोन चहा!’

बाईंना हसताना खुर्ची धरावी लागली. धोंडूची नोकरी शाबूत, थांबा शाबूत. आणि ताई, ते गेल्यावर आत्या गुडघे धरत उठली आणि म्हणाली, की मला जरा पाय मोकळे करू दे, तू बस. मी बसले. मग एक म्हातारबुवा उठले, तर आत्या त्यांच्या पाठीमागून पुकारते, ‘लाल मफलर, एक चहा, घ्या मालकीणबाई!’ मला मफलर दिसेना, डोळे भरून आले होते.

आईला आता तूच सांग. लोभ दुप्पट कर, आता मला परवडतो.

गल्ल्यावरून,
चारू

महाड,
ता. २ जून १९७९

चि. चारूस,
आत्याच्या वाट्याचेही आशीर्वाद.

आईला सांगितलं. ती कार्टी आपलीच का, असं विचारून ती पुन्हा हसायला लागली. दासगावला नकार कळवते आहे.

पुढच्या रविवारच्या गाडीने आई, सासूबाई आणि मी येतो. सासूबाईंनी वेणी सांगून ठेवली आहे. माझ्या अंगावर हिरवी साडी असेल. माझं एक ऐक. आम्ही उठलो की तेवढ्यापुरती तू गल्ल्यावरून उठ, माझं बिल आत्याला पुकारू देऊ नकोस. लग्न झाल्यापासून मला कोणी मोठ्याने हाक मारलेली नाही. जोरात पुकार, रस्त्यापलीकडे ऐकू गेलं पाहिजे.

तुझी,
हिरवी साडी, एक चहा