आठ गाठींची दोरी

१२ जानेवारी

प्रिय मिस्त्रीचाचा,

सलाम. गुडघा कसा आहे? माझी तब्येत ठणठणीत, पण इतके दिवस माझ्यावर घोर अन्याय चालू होता. समोरचे वकील आज कोणतं भोकं पडलेलं बनियन घालून दात घासताहेत, हे मला रोज वर्तमानपत्राआधी कळायचं. आमचं दार उघडलं की त्यांची मोरी, त्यांचं उघडलं की आमचं जेवणाचं टेबल. एकदा तिथूनच म्हणाले, "आज पुन्हा तीच भाजी?" बायकोने त्याच दिवशी दारावर चादर टांगली. आता गल्लीभर चादरी आहेत.

असं दार बसवलं कुणी, म्हणाल. आधी वसाहतीचं कौतुक तर ऐका. माहितीपत्रकात छापलंय, "इस्लामी शहराची परंपरा, आधुनिक सोयींसह." म्हणजे पार्किंगला अठरा कमानी आणि पाण्याच्या टाकीला घुमट. गल्ल्या वळणदार आहेत. कशासाठी वळतात, ते विचारायचं नाही.

त्या गल्ल्या मीच आखल्या, चाचा. दारंही.

बावीस वर्षांपूर्वी तुमच्या जुन्या मोहल्ल्याची मोजणी करायला आलो, तेव्हा तीन आठवडे तुम्ही मला बोळाबोळांतून हिंडवलंत. नवं दार काढायचं तर समोरच्या दारापासून तुमच्या आठ गाठींच्या दोरीभर बाजूला, खिडकी काढायची तर शेजाऱ्याला विचारून. मी ऐटीत विचारलं, "हे कुठल्या कायद्यात आहे?" तुम्ही म्हणालात, "नकाशेबाबू, ज्याचं तोंड रोज बघायचं, त्याचं घर बघू नये. एवढाच कायदा."

मी मान डोलावली आणि ऑफिसात जाऊन ती सरकलेली दारं मिस्त्र्यांची चूक समजून नकाशात पट्टीने समोरासमोर आणली. अहवाल गाजला. "इस्लामी शहर म्हणजे काय" यावर मी भाषणं ठोकली. तुमचं नाव कुठेच घेतलं नाही. तुम्ही मोजायला दिलेली ती दोरी माझ्याकडेच राहिली. तुम्ही मागितली नाहीत, मला तोंड दाखवायची हिंमत झाली नाही. पुढे त्याच अहवालावरून ही वसाहत उठली, आणि सोडतीत मला घर मिळालं तेही इथेच. वरच्याला विनोद कळतो.

गेल्या महिन्यात दुसऱ्या टप्प्याची बैठक होती. आणखी चारशे घरं, म्हणजे चारशे दारं. साहेब म्हणाले, "लोक चादरी का टांगतात, यावर समिती नेमू."

मी म्हटलं, "समिती नको. चूक माझी आहे."

हे वाक्य आमच्या ऑफिसात पूर्वी कुणी ऐकलेलं नव्हतं. शिपाई चहाचा ट्रे धरून तसाच उभा राहिला. मी टेबलावर दोरी पसरली, समोरासमोरची दारं दाखवली, तुम्ही सांगितलेलं सगळं सांगितलं. साहेबांनी एकेक गाठ चाचपली. "हे माप कुणाचं?"

"माझ्या उस्तादांचं."

नकाशे पुन्हा आखायला घेतले आहेत. कमानी राहिल्या, त्या साहेबांच्या लाडक्या. माझी बढती बहुधा गेली. बायको म्हणते, बरं झालं, संध्याकाळी घरी तरी दिसाल.

काल आमचंही दार दोरीभर सरकवलं. वकिलांना आधी विचारलं. "इतके महिने कशाची वाट बघत होतात?" म्हणाले, आणि विटा उचलू लागायला बनियनवरच आले. आज सकाळी उठलो, दार उघडलं, तर समोर नुसती भिंत. काय सुंदर भिंत आहे, चाचा! चादर धुऊन पलंगावर गेली.

नव्या नियमावलीत दारांच्या कलमाखाली तुमचं पूर्ण नाव छापून आलंय. ते पान सोबत आहे. दोरीही आहे. गाठी मोजून घ्या, आठच्या आठ आहेत.

तुमच्यापासून दोरीभरच दूर,
नकाशेबाबू